मातीची कणगी

या पोरांनो, अशी जवळ या. बाहेर पाऊस लागलाय, तो काही इतक्यात उघडत नाही. उघडू नयेच, कारण आजची गोष्ट पावसाचीच आहे. ती आपल्या कणकुंबीत सुरू होते आणि पार विजापूर-सोलापूरच्या काळ्या रानात जाऊन पोचते.

आधी मला सांगा, आपल्या गावात पडलेला पाऊस जातो कुठं? थोरला म्हणेल ओढ्यात, धाकटी म्हणेल नदीत. दोघांचंही बरोबर. पण कोणत्या नदीत? आपलं गाव सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. कळसा नाल्यात पडलेला थेंब म्हादईला मिळतो, गोव्यात उतरतो आणि मांडवीतून अरबी समुद्रात जातो. त्याच्याच शेजारी पडलेला दुसरा थेंब मलप्रभेत गेला, तर त्याची वाट पूर्वेची. मलप्रभा आपल्याच गावची लेक. ती खानापूर ओलांडते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात थांबते, पट्टदकल-ऐहोळेची देवळं बघत पुढं जाते आणि सुमारे तीनशे किलोमीटर चालून कुडलसंगमाला कृष्णेत मिसळते.

आता या पूर्वेच्या थेंबाबरोबर आपण चालत जाऊ. खानापूरपर्यंत झाडी आहे, भाताची खाचरं आहेत. सौंदत्ती आली की झाडी विरळ होते. रामदुर्ग, बदामी ओलांडली की चहूकडं उघडं रान आणि वर कोरडं आभाळ. असं का होतं? समुद्रावरून येणारा ओला वारा आपल्या घाटाला अडतो आणि वर चढतो. वर चढला की गार होतो, आणि गार हवेत तेवढी वाफ मावत नाही. ती इथंच पाऊस होऊन पडते. मग तोच वारा घाटमाथ्यावरून पलीकडं उतरायला लागतो, उतरताना तापतो आणि उरलेले ढगही विरतात. आषाढातल्या एका दिवसात शंभर-दीडशे मिलिमीटर पाऊस झाला तर आपल्याला त्याचं नवल वाटत नाही. विजापूरला अख्ख्या वर्षात पडतो तो सुमारे ६०० मिलिमीटर. आपला चार-सहा दिवसांचा पाऊस म्हणजे त्यांचं वर्ष!

“मग तिथली माणसं खातात काय, आज्जा?”

शाळवाची भाकरी खातात, बाळा. आणि गोष्टीतली खरी गंमत इथंच आहे. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. ती पेरतात भाद्रपद-आश्विनात, म्हणजे पाऊस निरोप घेत असतो तेव्हा. काढतात माघ-फाल्गुनात. मधल्या चार महिन्यांत आभाळातून जवळजवळ काही पडत नाही. विहीर नाही, कालवा नाही, तरी ताटं पुरुषभर वाढतात आणि कणसं भरतात. उलट आपलं वरकस रान बघा. नाचणी काढली की मार्गशीर्षात ते उघडं पडतं. पाणी दिल्याशिवाय त्यात काही उभं राहत नाही. पाऊस आपल्याकडं कितीतरी पट, आणि हिवाळ्याचं पीक मात्र त्यांच्याकडं!

हे कोडं सोडवायला एक सोपा प्रयोग करू. दोन रिकामे डबे घ्या आणि तळाला खिळ्यानं भोकं पाडा. एकात आपल्या रानातली तांबडी माती भरा. दुसऱ्यात सौंदत्तीकडची काळी माती भरा. त्या बाजूचे कुणी पाहुणे येणार असतील तर पिशवीभर मागवून घेऊ. दोन्ही डब्यांत तांब्यानं सारखंच पाणी ओता. तांबड्या मातीतलं पाणी भरभर खाली येईल. काळ्या मातीत ते हळूहळू मुरेल, माती फुगून वर येईल आणि खाली थोडंच गळेल. आठ दिवसांनी बोट घालून बघा. तांबडी भुसभुशीत कोरडी झालेली असेल, काळी आतून अजून गार लागेल.

आता या काळ्या चिमटीच्या आत डोकावू. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. तिचे कण साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि प्रत्येक कणाला एकावर एक असे अतिशय पातळ पापुद्रे असतात. पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं, पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते. अशा शुद्ध मातीच्या एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे सुटे करून पसरले, तर सहाशे-सातशे चौरस मीटर जागा व्यापतील. म्हणजे सहा-सात गुंठे, एका चिमटीत! आपल्या जांभ्याच्या मातीत असते ती केओलिनाइट. तिचे पापुद्रे घट्ट मिटलेले असतात, पाणी त्यांच्या मधे शिरत नाही. तिच्या एका ग्रॅमचा पसारा दहा-वीस चौरस मीटरच. म्हणून आपली माती पाणी वाहू देते आणि काळी माती धरून ठेवते.

किती धरते, त्याचा हिशेब थोरल्यानं पाटीवर मांडावा. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हजार लिटर पाणी. चांगली काळी माती एक मीटर खोल असेल, तर पिकाला ओढून घेता येईल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी ती पोटात ठेवते. म्हणजे एकरी सहा ते आठ लाख लिटर. दहा हजार लिटरचे साठ ते ऐंशी टँकर, एका एकरात, आणि वरून बघणाऱ्याला कोरडं ढेकूळ दिसतं!

आपण सुगीत भात कणगीत भरतो, झाकण लिंपतो आणि वर्षभर मापानं काढतो. काळं रान ही तशीच पाण्याची कणगी आहे. आणि कणगीवाल्याला तीनच काळज्या असतात. ती भरेल का? तिला गळती लागेल का? आणि काढायला किती, पुरायला किती? कोरडवाहू शेतीचं सगळं संशोधन या तीन प्रश्नांभोवती उभं आहे.

हे प्रश्न कुणाला सुचले, तेही ऐका. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. सोलापूर, आणि त्या वेळचा कलादगी जिल्हा, म्हणजे आजचा विजापूर-बागलकोटचा मुलूख, भुकेनं करपून गेला. लाखो माणसं दगावली. पुढंही दुष्काळ येतच राहिले. धरणं बांधून सगळ्या रानाला पाणी मिळणार नाही, हे हळूहळू कळायला लागलं. मग ज्या रानाला कधीच पाट येणार नाही, त्याचं काय?

१९२३ साली पुण्याजवळच्या मांजरी फार्मवर हा अभ्यास एका लहानशा तुकड्यावर सुरू झाला. सुरू करणारे होते व्ही. ए. ताम्हाणे. नाव नीट लक्षात ठेवा. मग एन. व्ही. कानिटकरांनी तो पुढं नेला. १९३३ साली त्या वेळच्या शाही कृषी संशोधन परिषदेच्या मदतीनं सोलापूर आणि विजापूर इथं कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रं उभी राहिली. पाठोपाठ बळ्ळारीजवळचं हगरी, रायचूर आणि तिकडं उत्तरेत रोहतक. कानिटकरांनी आपला अनुभव ग्रंथात मांडला, तो १९४४ साली निघाला. या लोकांनी मुंबई इलाख्यासाठी शेतीची जी पद्धत बसवली, तिच्यात महागडं यंत्र एकही नव्हतं. होती ती माती, बैल, बांध आणि वेळ यांची नेमकी जुळणी.

पहिला प्रश्न, कणगी भरायची कशी? सोलापूरकडं पाऊस कमी, पण येतो तेव्हा धो धो येतो. काळी माती पाणी सावकाश पिते, त्यामुळं घाईचा पाऊस उतारावरून पळून जातो आणि जाताना वरची सुपीक मातीही नेतो. उपाय म्हणजे उताराला आडवे बांध. १९४२ साली मुंबई सरकारनं जमीन सुधारणेचा कायदा केला आणि बांधबंदिस्तीच्या कामांना जोर आला. पण खोल काळ्या रानात एक नवीच अडचण निघाली. बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबायचं, पीक पिवळं पडायचं, कधी बांधच फुटायचा. मग संशोधकांनी पुन्हा मोजमापं घेतली. खोल काळ्या रानात बांधाला किंचित उतार द्यायचा, म्हणजे जादा पाणी शिस्तीत बाहेर जातं; आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला मोकळ्या रानात सारे ओढून लहान-लहान चौकोनी वाफे पाडायचे. जिथला पाऊस तिथल्याच चौकोनात थांबतो आणि जागच्या जागी मुरतो. सोलापूरला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात येतो. तोवर वाफे तयार असले, तर उत्तरा आणि हस्त ही दोन नक्षत्रं कणगी काठोकाठ भरून जातात.

दुसरा प्रश्न गळतीचा. कणगीला खालून छिद्र नाही, पण वरून तीन चोर आहेत. ऊन, तण आणि भेगा. काळी माती वाळली की आकसते आणि फाटते. उन्हाळ्यात तर हातभर काठी आत जाईल अशा भेगा पडतात. त्या भेगांतून खोलवरची ओल उडून जाते. यावर शेतकऱ्याचं हत्यार म्हणजे कोळपं. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं त्या बाजूला म्हणतात ते उगाच नाही. मातीच्या बारीक कणांमधून पाणी केसासारख्या वाटांनी वर चढत असतं. वरचा दोन बोटांचा थर कोळप्यानं सैल केला की त्या वाटा तुटतात. सैल माती भेगांत पडून त्या बुजतात. तणही उपटून पडतं, म्हणजे तिन्ही चोरांचा बंदोबस्त एका फेरीत.

पण केव्हा आणि कशानं, हे महत्त्वाचं. शाळू तीन आठवड्यांचा झाला की पहिली कोळपणी फटीच्या कोळप्यानं करतात, म्हणजे कोवळी रोपं फटीतून सुखरूप निघतात. पाच आठवड्यांनी दुसरी, अखंड पासेच्या कोळप्यानं. तिसरी आठ आठवड्यांनी, आणि ती दातेरी कोळप्यानं. कारण तोवर रान इतकं कडक होतं की सपाट पास आत शिरतच नाही, दाते मात्र शिरतात. अवजाराचा आकार आणि मातीची ओल यांचा असा मेळ घालायला शेतकऱ्याचा हात आणि संशोधकाची वही दोन्ही लागली.

तिसरा प्रश्न वाटणीचा. समजा, कणगीत सहा-आठ लाख लिटर पाणी आहे. दोन ओळींत ४५ सेंटीमीटर आणि दोन रोपांत १५ सेंटीमीटर अंतर ठेवलं, तर एकरात साठ हजारांच्या आसपास ताटं बसतात. करा भागाकार. एका ताटाच्या वाट्याला दहा ते तेरा लिटर, म्हणजे एक हंडा पाणी, तेही चार महिन्यांसाठी! त्यातलं काही ऊन नेणारच. लोभानं दाट पेरलं तर हंड्याचा तांब्या होतो. सगळी ताटं पौषापर्यंत हिरवीगार दिसतात आणि दाणा भरायच्या वेळी एकदम माना टाकतात. म्हणून बियाणं एकरी चारच किलो, आणि दाट उगवलं तर विरळणी. उभं पीक उपटून टाकायला जीव धजत नाही, पण उरलेल्यांना त्यातूनच दाणे मिळतात.

“पण एका हंड्यावर ताट जगतं कसं, आज्जा?”

आता आलीस मुद्द्यावर! कणगी कितीही नीट राखली, तरी खाणारा उधळ्या असेल तर काय उपयोग? शाळू उधळ्या नाही. पौषात कधी सौंदत्तीकडं गेलात तर ज्वारीच्या रानात उभे राहा. ताटाच्या पेरावर अंगठा फिरवा, अंगठ्याला पांढरी भुकटी लागेल. ते मेण आहे. ताटानं ते स्वतः तयार केलेलं असतं, अंगातलं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून. मग भर दुपारी पान बघा. पानाच्या वरच्या अंगाला मोठ्या फुगीर पेशींच्या रांगा असतात. पाणी कमी पडलं की त्या पेशी मिटतात आणि पानाची सुरळी होते. ऊन लागायला जागाच कमी उरते. संध्याकाळी मुळांनी पाणी पोचवलं की पान पुन्हा उलगडतं. मुळं तरी किती खोल? दीड मीटरपर्यंत सहज जातात, वरची ओल संपत जाईल तशी खालची ओल गाठत. ताण फारच वाढला तर ताट वाढच थांबवून नुसतं उभं राहतं, आणि ओल मिळाली की पुन्हा चालू लागतं.

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ॲक्रन गावी ब्रिग्ज आणि शांट्झ नावाच्या दोन शास्त्रज्ञांनी शंभरेक वर्षांपूर्वी याचं माप काढलं. त्यांनी मातीनं भरलेल्या मोठ्या डब्यांत वेगवेगळी पिकं लावली आणि डब्यांची तोंडं अशी बंद केली की पाणी बाहेर जाईल ते फक्त पानांतून. मग डबे तोलत राहिले. एक किलो सुकं पीक तयार व्हायला गव्हाला पाचशे लिटरांहून जास्त पाणी लागलं आणि ज्वारीला सव्वातीनशेच्या आसपास. ही काटकसर ज्वारीनं आफ्रिकेतून आणली. सुदानच्या पूर्व भागात पाच हजार वर्षांपूर्वी माणसानं ती लावायला घेतली होती. तिथून ती आपल्याकडं आली आणि दख्खनच्या काळ्या मातीत रमली.

रमली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी चांगली कणसं निवडून बियाण्याला ठेवली. त्यातूनच मालदांडी आली. सोलापूर जिल्ह्यात मोहोळला ज्वारीचं संशोधन केंद्र आहे. तिथं १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून एकेक कणीस वेगळं पेरून, वेगळं पारखून एक वाण निवडला, मालदांडी ३५-१. दाणा मोत्यासारखा टपोरा पांढरा, भाकरी गोड, कडबा जनावरं आवडीनं खातात. जवळजवळ नव्वद वर्षं झाली, तरी त्याची पेरणी थांबलेली नाही. पुढं आलेल्या कितीतरी वाणांना आजही आधी त्याच्याशी तुलना करून बघतात. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानातल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. निवड संशोधकांची, पण निवडायला जे होतं ते शेतकऱ्यांनी राखलेलं. हे दोन्ही हात मला सारखेच मोलाचे वाटतात.

स्वातंत्र्यानंतर काम वाढलं. १९७० साली कोरडवाहू शेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. सोलापूर आणि विजापूर त्याची केंद्रं झाली. १९८५ साली हैदराबादला कोरडवाहू शेतीची केंद्रीय संशोधन संस्था आली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं एक फार शहाणी गोष्ट केली. सगळ्या रानाला एकच बियाणं न देता मातीच्या खोलीप्रमाणं वाण दिले. हलक्या, उथळ रानाला फुले अनुराधा, मध्यम रानाला फुले सुचित्रा, खोल काळ्या रानाला फुले वसुधा. लहान कणगी असेल तर लवकर आटोपणारं पीक, मोठी असेल तर सावकाश भरणारं. आता शास्त्रज्ञ ज्वारीचा आणखी एक गुण शोधताहेत, दाणे भरेपर्यंत पानं हिरवी ठेवण्याचा. अशी ताटं सुरुवातीला पानांचा पसारा कमी ठेवतात, पाणी शिल्लक टाकतात आणि ते दाण्याच्या वेळी वापरतात. वाटणीचा जो धडा माणसानं अंतर मोजून शिकला, तो काही ताटांच्या बियाण्यातच लिहिलेला असतो.

एक खरं सांगून ठेवतो. संशोधनानं पाऊस पाडता येत नाही. हस्त कोरडा गेला तर कणगी अर्धीच भरते, आणि त्या वर्षी उत्तम वाण, वेळेवर कोळपणी असूनही घरात धान्य कमी येतं. गेल्या काही दशकांत ज्वारीचं रानही घटत गेलंय, कारण कष्ट जास्त आणि पैसा कमी. म्हणून तिथल्या शेतकऱ्याला नुसती शाबासकी देऊन भागणार नाही, त्याच्या ज्वारीला नीट भावही मिळायला हवा. जो माणूस एका हंड्यात एक ताट पिकवतो, त्याच्याइतकं पाण्याचं मोल देशात दुसऱ्या कुणाला कळलेलं नाही.

आणि आपल्याला, मलप्रभेच्या उगमावर राहणाऱ्यांना, त्याच्याकडून पुष्कळ शिकायचंय. एवढा पाऊस पडून चैत्र-वैशाखात आपले झरे बारीक होतात. आपली माती काळी होणार नाही, पण उताराला आडवे चर खणता येतात, झाडी आणि पालापाचोळा राखता येतो, बांध धरता येतो. मिलिमीटर किती पडले हे सांगून भागत नाही, मातीत किती थांबले हे विचारायचं. पाऊस उघडला की पहार आणि मोजपट्टी घेऊन वरकस रानात जाऊ. माती किती खोल आहे, दगड कुठं लागतो, ओल कुठवर पोचली, हे तीन आकडे थोरल्यानं वहीत लिहायचे आणि धाकटीनं दर महिन्याला पुन्हा मोजायचे. सोलापूर-विजापूरचं एवढं मोठं काम अशाच मोजण्यातून उभं राहिलं, आपलंही तिथूनच सुरू होईल.